ट्रंक-कॉलचे टिकिट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपण बाहेरगावाहून एखाद्या विदुषीला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि त्यांचे विचार ऐकून कृतार्थ होतो. यंदा घरचीच बाई उभी केलेली पाहून काही जणींची निराशा झाली असेल. कारण विचारले तर चिटणीसबाई सांगतील, "मावशी आयुष्यभर टेलिफोनात होत्या, म्हणून मोबाइलच्या भानगडीवर त्यांनाच बोलायला सांगितलं." मी टेलिफोनात होते हे खरे, पण ह्या विषयाचा आग्रह मीच धरला होता. का धरला ते भाषणाच्या मध्यावर येईल. ते सांगणे मला जड जाणार आहे, म्हणून आधी थोडी जुनी हकिकत सांगून घसा मोकळा करते.

1974 साली मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. आजच्या मुलींना ट्रंक-कॉल ही चीज ठाऊक नाही. परगावी बोलायचे तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि मग घरी फोनपाशी बसून राहायचे, कधी तासभर, तर कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार, आणि त्याप्रमाणे पैसे. ठरावीक माणूसच पलीकडे हवा असेल तर तो पी.पी. कॉल. आमच्या कानांवर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. ओळ लागली की नाही हे पाहायला मध्ये कान द्यावाच लागे. त्या कानांनी काय काय ऐकले म्हणता! मुलगी पसंत पडल्याचे, पेढीवर टाच आल्याचे, म्हातारी गेल्याचे. पण नोकरीला लागताना आम्हांला 1885 च्या तार कायद्यातले कलम समजावून सांगितले होते. निरोपातला मजकूर बाहेर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. आमच्या सुपरवायझरबाई कायद्याची भाषा वापरत नसत. त्या एवढेच म्हणत, "बोर्डावरचं बोर्डावर ठेवून घरी जायचं." तीस वर्षे मी तसे केले. शेजारच्या वाड्यातल्या मुलाचे लग्न मोडल्याचे मला त्याच्या आईच्या आधी कळले होते आणि मी तिच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आले, अवाक्षर बोलले नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगते, ती ध्यानात ठेवा. प्रत्येक कॉलचे एक टिकिट असे. कोणत्या नंबराने मागितला, कोणत्या गावी, कोणता नंबर, किती वाजता जोडला आणि किती मिनिटे चालला, एवढेच त्यावर लिहायचे. ते हिशेबाकडे जाई आणि त्यावरून बिल निघे. टिकिटावर संभाषणातला एकही शब्द नसे. तरी सांगते, कान देण्यापेक्षा टिकिटावरून जास्त कळे. बाजारपेठेतले एक कापडाचे दुकान रोज सायंकाळी सुरतेला तीन मिनिटे बोलायचे. एका आठवड्यात सुरत बंद झाली आणि रोज रात्री मुंबईच्या एका इस्पितळाला नऊ-नऊ मिनिटे कॉल सुरू झाले. पुढे एके दिवशी एकाच सकाळी सहा गावांना सहा छोटे कॉल. काय झाले ते कोणी सांगावे लागले का?

तर हे टिकिट आजही आहे. तुमच्या माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जणी म्हणतात, "व्हॉट्सॲपला कुलूप असतं, बोलणं कोणी वाचू शकत नाही." हे अगदी खरे आहे. 2016 च्या एप्रिलपासून तिथला प्रत्येक निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. आमच्या काळी ऑपरेटरचा कान मध्ये होता, आता तोही नाही. इतके चांगले कुलूप राजेरजवाड्यांनाही मिळाले नव्हते, ते आज आपल्या पोळीवाल्या बाईंना फुकट मिळते. मी उगाच नावे ठेवणार नाही. पण कुलूप लागते ते संभाषणाला. कोणाचा नंबर, कोणत्या गटात, किती वाजता, कितीदा, कोणत्या फोनवरून, ही टिकिटाची माहिती कुलपाच्या बाहेर राहते. आणि टिकिटाच्या जोडीला आणखी एक वस्तू ही ॲप मागतात, जी आमच्या एक्स्चेंजने कधी कोणाकडे मागितली नव्हती. ती म्हणजे आपली स्वतःची नंबरांची वही.

आता ती हकिकत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या पोळी-भाजी केंद्रात एक मुलगी कामाला लागली. तिचे नाव मी घेणार नाही आणि ज्या जणींना ते ठाऊक आहे त्यांनीही कृपा करून घेऊ नये. सासर सोडून, लहान मूल घेऊन आली होती. का सोडले हे तिच्या मनगटाकडे पाहिल्यावर विचारावे लागले नाही. तिने नवा नंबर घेतला आणि मंडळात फक्त तिघींना दिला. त्यांपैकी एक मी. कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, "मावशी, कुणाला देऊ नका हं." मी हसले. म्हटले, अगं, तीस वर्षे दुसऱ्यांचे नंबर सांभाळण्याचाच पगार घेतला मी. आणि तिचा नंबर फोनमध्ये घालून ठेवला. तिच्या सासरच्यांचाही नंबर माझ्या फोनमध्ये होता, कारण मध्यंतरी तिचे दागिने आणि मुलाची कागदपत्रे मिळावीत म्हणून मीच त्यांच्याशी बोलले होते.

पुढे माझ्या नातवाने मला फोटोंचे एक ॲप घालून दिले. त्याने विचारले, "आपले संपर्क पाहण्याची परवानगी देता का?" मी 'हो' वर बोट ठेवले. का ठेवले? 'नाही' म्हटले तर नातवाचे फोटो दिसणार नाहीत असे मला वाटले. एवढेच कारण. तिनेही आपल्या बहिणीला बाळाचे फोटो दिसावेत म्हणून त्याच ॲपवर नव्या नंबराने खाते उघडले होते. काही आठवड्यांनी तिच्या नणंदेच्या फोनवर तिचा फोटो आपसूक आला, आणि खाली प्रश्न, की ह्यांना आपण ओळखता का?

चौथ्या दिवशी दोन पुरुष केंद्राच्या दाराशी आले. त्या वेळी कणीक मळायला सात जणी होत्या, आणि आपल्या बायका काही कमी नाहीत. ते दोघे आले तसे गेले. पण ती मुलगी त्याच रात्री गाव सोडून गेली. कुठे गेली मला माहीत नाही, आणि मी विचारलेही नाही. तिचा अर्ध्या महिन्याचा पगार अजून खजिनदारबाईंकडे पाकिटात आहे.

त्या ॲपचे नाव मी सांगत नाही, कारण हे माझ्याच फोनवरून झाले असे सिद्ध करण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. आम्ही तिघींनी एकमेकींना विचारले. तिघींनीही नंबर कोणाला दिला नव्हता. पण दोन्हीकडचे नंबर एकाच वहीत होते ते फक्त माझ्या. ॲपवाल्यांच्या दृष्टीने पाहिले तर सगळे नियमाप्रमाणे झाले, कारण त्यांनी संमती घेतली होती. फक्त तिच्या नंबराची संमती त्यांनी मला विचारली, आणि मी दिली.

क्षमा करा. पाणी प्यायले, आता पुढे बोलते.

आपण तेव्हा रागाने काय केले ते आठवत असेल. मंडळाचा मोबाइलवरचा गट बंद करायचा आणि निरोप फळ्यावर लिहायचे, असा ठराव केला. ठराव आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी गटात गॅसच्या टाकीची चौकशी आली आणि सगळ्या जणी परत. आपण दुबळ्या आहोत म्हणून असे झाले, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. मग मी थोडे वाचले, माहीतगारांना विचारले, तेव्हा कळले की ही दारे एकेरी आहेत. आत यायला सोपे, बाहेर पडायला सगळ्यांनी मिळून पडावे लागते.

पोस्टाचे तसे नव्हते. 1874 साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरी 22 राष्ट्रांनी बसून एक करार केला, की एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या टपालाने मुकाट्याने पोचवायचे. त्यापूर्वी प्रत्येक दोन देशांचा वेगळा करार आणि वेगळा दर. हिंदुस्थान 1876 मध्ये त्यात आला. म्हणून आपल्या आज्यांनी आफ्रिकेतल्या भावाला लिहिलेले पत्र पोचत होते. भावाने आधी आपल्याच पोस्टाचे सभासद व्हावे अशी अट नव्हती. टेलिफोनचेही पुढे तेच झाले. आज तुमचा फोन एका कंपनीचा आणि विहिणीचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी बोलणे होते. 2011 पासून तर देशभर, कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. ई-मेलचेही तसेच. पत्र एका संगणकाने दुसऱ्याला कसे द्यायचे याचे नियम 1982 साली छापून सगळ्या जगाला खुले केले, ते कोणाच्या मालकीचे नाहीत. देण्याघेण्याच्या अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. शब्द अवघड आहे, वस्तू आपल्या रोजच्या वापरातली आहे. सोयरिकीत मानपान कसे करायचे हे दोन्ही घरांना आधीच ठाऊक असते, म्हणून अनोळखी घरांचेही जमते. तसेच हे.

आता आश्चर्य असे, की झटपट निरोपांसाठीही असा खुला प्रोटोकॉल निघाला होता. 1999 मध्ये जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन तरुणाने 'जॅबर' या नावाने तो सुरू केला. 2004 मध्ये इंटरनेटच्या नियम ठरवणाऱ्या मंडळाने त्याला रीतसर मान्यता दिली. 'एक्सएमपीपी' हे त्याचे शास्त्रोक्त नाव. कोणीही आपले छोटे एक्स्चेंज काढावे आणि दुसऱ्याच्या एक्स्चेंजशी जोडावे. आपल्या मंडळालासुद्धा ते जमले असते. गूगलने 2005 मध्ये 'गूगल टॉक' काढले ते ह्याच प्रोटोकॉलवर, आणि 2006 च्या जानेवारीत बाहेरच्या एक्स्चेंजांना दार उघडले. लहान लहान एक्स्चेंजवाल्यांना वाटले, आता आपले दिवस आले. सात वर्षांनी, 2013 मध्ये, गूगलने नवे 'हँगआउट्स' आणले आणि त्यात हे दार ठेवले नाही. तोवर बहुतेक माणसे गूगलच्याच वाड्यात राहायला गेली होती. बाहेर राहिलेल्यांना आपले मित्र एकाएकी दिसेनासे झाले. आणि दिसेनाशा झालेल्या माणसाने तरी काय करावे? तोही वाड्यात गेला.

व्हॉट्सॲपची गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. 2009 साली जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी ते काढले, ते याच खुल्या एक्सएमपीपीची काटछाट करून. धान्य सार्वजनिक कोठारातले, पण भिंत स्वतःची. भिंतीबाहेरच्या कोणाशी बोलायची सोय ठेवलीच नाही. त्यांची सचोटी मात्र मानावी लागते. 2012 मध्ये त्यांनी लिहिले की आम्ही जाहिराती विकत नाही, आणि का विकत नाही. वर्षाला साधारण एक डॉलर वर्गणी घेत. 2014 मध्ये फेसबुकने सुमारे 19 अब्ज डॉलरना ती कंपनी घेतली. त्या वेळी युरोपच्या सरकारला सांगण्यात आले, की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणे भरवशाने जमणारे नाही. 2016 मध्ये जुळवणे सुरू झाले! ही दिशाभूल केली म्हणून 2017 मध्ये युरोपियन कमिशनने फेसबुकला 11 कोटी युरो दंड केला. आपल्याकडे 2021 च्या जानेवारीत सगळ्यांच्या फोनवर 'अटी मान्य करा' अशी पाटी आली होती, आठवते? त्या प्रकरणी आपल्या स्पर्धा आयोगाने 2024 च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीला 213 कोटी 14 लाख रुपये दंड ठोठावला. तिने त्यावर अपील केले. आणि 2025 च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपच्या 'अपडेट्स' पानावर जाहिराती येतील अशी घोषणा झाली. संस्थापक दोघेही केव्हाच बाहेर पडले होते. वचन देणारा माणूस गेला की वचन कोणी पाळायचे, हे आपल्या वाटणीच्या भांडणांत आपण पाहतोच.

खुला प्रोटोकॉल असता तर काय झाले असते? ती पाटी आल्यावर आपण दुसऱ्या एक्स्चेंजकडे गेलो असतो आणि गॅसवाल्याशी बोलणेही चालू राहिले असते. एवढेच. पण मोठ्याला धाक एवढ्यानेच राहतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझे भाषण एकांगी होईल. खुले म्हणजे सुरक्षित, असे समजू नका. ई-मेल खुली आहे, पण साधी ई-मेल मधल्या कंपनीला वाचता येते. ते पोस्टकार्डच म्हणा ना. शिवाय खुल्या दाराने चोर-फसवे आधी येतात. 'सिग्नल' नावाच्या ॲपचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी 2016 मध्ये असा मुद्दा मांडला, की खुल्या प्रोटोकॉलमध्ये सुधारणा करायची तर हजार एक्स्चेंजवाल्यांना राजी करावे लागते, म्हणून ते जिथल्या तिथे राहतात. म्हणणे खोटे नाही. आपल्या मंडळाच्या घटनेतले एक कलम बदलायला आपल्याला चार सर्वसाधारण सभा लागल्या!

सिग्नलचेही दार बंदच आहे, पण त्याने टिकिटाचा बंदोबस्त केला. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशाने त्यांच्याकडे दोन नंबरांची माहिती मागितली. त्यांच्यापाशी द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले, आणि शेवटचे कधी जोडले गेले. बाकी टिकिट त्यांनी ठेवलेलेच नव्हते. हे वाचले तेव्हा मला आमच्या हिशेबखात्यातले टिकिटांचे गठ्ठे आठवले. 2024 पासून तिथे आपला नंबर समोरच्याला न दाखवता नुसत्या नावावरही बोलता येते. ती मुलगी अजून इथे असती तर हे मी तिला आधी दाखवले असते.

खुला मार्ग अगदी बुजला आहे असेही नाही. 'मॅट्रिक्स' नावाचा नवा खुला प्रोटोकॉल 2014 मध्ये निघाला. फ्रान्सच्या सरकारने 2019 मध्ये आपल्या नोकरवर्गासाठी 'चॅप' हे ॲप त्यावरच उभारले. युरोपने 2022 मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना फर्मावले, की लहान निरोपवाल्याने मागितले तर दार उघडा. आणि 2025 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने युरोपापुरते दोन लहान ॲपांसाठी दार किलकिले करत असल्याचे सांगितले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, आणि त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे. पण हा कायदा घरगुती, खाजगी वापराला लागू नाही. म्हणजे माझ्या फोनमधली वही मी कशी सांभाळते याबद्दल मला कोणी जाब विचारणार नाही. तो मलाच विचारावा लागेल.

कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या होत्या आणि त्या मंजूर झाल्या आहेत. केंद्रात कामाला येणाऱ्या मुलींचे नंबर यापुढे कोणाच्याही मोबाइलमध्ये घालायचे नाहीत. कपाटात कुलपाखाली लाल पुठ्ठ्याची वही आहे, तीत लिहायचे आणि बघून फोन करायचा. मोबाइलवर नंबर ठेवणे भागच पडले तर तिला विचारून, आणि नाव न लिहिता. मंडळाचा प्रत्येक निरोप गटाबरोबर ई-मेलने आणि फळ्यावरही जाईल, म्हणजे ज्या कोणाला गट सोडायचा असेल तिला मंडळ सोडावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट फोनमधल्या परवानग्यांची. कोणकोणत्या ॲपला आपण वही उघडून दिली आहे, हे फोनच्या सेटिंगमध्ये दिसते आणि तिथेच ते बंदही करता येते. मी माझ्या फोनमध्ये पाहिले तर अकरा ॲपांना दिली होती, त्यांत एक विजेरी लावायचे होते! विजेरीला माझ्या विहिणीचा नंबर कशाला हवा? आधी गेलेली वही परत येत नाही, हे खरे. काही ॲपांत 'पाठवलेले संपर्क पुसा' असे बटण असते. ते सापडेपर्यंत जरा धीर लागतो.

येत्या गुरुवारी दुपारी साडेचार वाजता सभागृहात आपण सगळ्या मिळून हे करणार आहोत. मला येते तेवढे मी दाखवीन. उरलेले दाखवायला माझी नात येणार आहे. येताना चष्मा, चार्जर आणि फोनचा पासवर्ड घेऊन या. पासवर्ड डोक्यात आणा, कागदावर नको.